प्रेसला पिना आपोआप भरायच्यात: बाऊल फीडर, चकती की नळी?

वाळूजकर
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दुचाकीच्या ब्रेकच्या एका हाउसिंगमध्ये पिन प्रेस करून देतो. सहा स्टेशनचं रोटरी इंडेक्स टेबल आहे, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरत पार्ट एका कामावरून पुढच्या कामावर नेणारं गोल टेबल. हाउसिंगही हाताने ठेवतो आणि पिनही हाताने. टेबल दोन सेकंदाला एक पार्ट काढू शकतं, पण हाताने पिन ठेवताना तो वेग टिकत नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर तर अजिबातच नाही. म्हणून पिन आपोआप यावी असं करायचं आहे.

पिन अशी आहे: व्यास ८ मिमी, लांबी १४ मिमी, स्टील, सेंटरलेस ग्राइंड केलेली (बाहेरून घासून गोल, गुळगुळीत). एका टोकाला १ मिमी चेंफर (तिरकी कापलेली कड), दुसरं टोक सपाट. चेंफर खालीच गेला पाहिजे, नाहीतर हाउसिंगचं भोक खरवडतं. याच व्यासात १८ आणि २२ मिमी लांबीच्याही पिना आहेत.

पुण्याचा एक सप्लायर व्हायब्रेटरी बाऊल, म्हणजे थरथरून पिना चढत्या ट्रॅकवरून एकेक वर आणणारं भांडं, घ्या म्हणतो, दुसरा फिरत्या चकतीचा फीडर सुचवतो. आणि आमचा मेव्हणा म्हणतो नळ्या भरून ठेवा, वरून आपोआप पडतील, बाकी कशाला पैसे घालता. आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, आणि रोज थोडा वेळ तरी डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालवावं लागतं. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. किमतीचं नंतर बघू, आधी काय चालेल ते ठरू द्या.

जालना_रोलिंग
बाऊल घ्या. दुसरा विचारच नको.

टूलरूमवाला
जालनाभाऊ, दुसरा विचार करावाच लागेल, कारण ही पिन बाऊलला अवघड आहे.

वाळूजकर, आधी वेगाचा हिशोब करा. टेबल मिनिटाला ३० पार्ट काढतं. फीडर नेहमी त्याहून थोडा जास्त देणारा असावा, म्हणजे ३६ धरा. पिन आडवी ट्रॅकवरून चढते तेव्हा चेंफर पुढे की मागे हे नशिबावर असतं, म्हणजे निम्म्या पिना उलट्या येणार. त्या परत बाऊलमध्ये पाडायच्या असतील तर ट्रॅकवरून मिनिटाला ७२ पिना चढायला हव्यात. ७२ गुणिले १४ म्हणजे मिनिटाला साधारण एक मीटर. २२ मिमीची पिन असेल तर दीड मीटरच्या वर. वेगाच्या बाबतीत हे साध्या बाऊललाही जमतं, त्याची काळजी नको.

अडचण उलटसुलट ओळखण्याची आहे. पिनला डोकं असतं तर प्रश्नच नव्हता. स्क्रू आणि रिव्हेट पट्टीच्या फटीत डोक्यावर लटकतात आणि आपोआप सरळ होतात. तुमच्या पिनला डोकं नाही आणि गुरुत्वमध्य जवळजवळ बरोबर मधोमध आहे. एक मिलिमीटरच्या चेंफरवर ट्रॅकचं टूलिंग कापून पिना निवडायच्या म्हणजे पिनवर थोडा बर (कडेला राहिलेली धातूची बारीक किनार) आला, थोडं तेल राहिलं की निवड चुकणार. मग सेन्सर आणि हवेचा फवारा लावावा लागतो, किंवा कॅमेरा. खर्च बाऊलचा कमी आणि त्या शेवटच्या वीतभर ट्रॅकचा जास्त, असं होतं.

म्हणून कोटेशन मागताना बाऊलचा व्यास विचारू नका. उलटी पिन नेमकी कुठे आणि कशी पकडणार, हे त्यांच्याकडून चित्र काढून घ्या. ज्याला ते चित्र काढता येत नाही त्याला पिना पाठवूच नका.

फिटरमामा
टूलरूमवाले सर बरोबर सांगायलेत. मी डीजीचं सांगतो, कारण त्यावर लोक बोलतच नाहीत.

साधा कंट्रोलर असला की बाऊल लाइटच्या फ्रिक्वेन्सीवर थरथरतो. अर्ध्या लहरीवर सेकंदाला ५० झटके, पूर्ण लहरीवर १००. खालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा त्याच आकड्याच्या जवळ ट्यून केलेल्या असतात, म्हणून थोड्या करंटवर बाऊल चांगला चालतो. आता डीजी चालू केला आणि त्यावर लोड कमी असलं की तो ५१-५२ वर पळतो. झालं, बाऊलची ट्यूनिंग गेली. पिना जागच्या जागी नाचत्यात, वर चढत नाहीत. पोरगं येतं आणि कंट्रोलरचं बटन फुल करतं. तेवढ्यात लाइट येते, बाऊल इतका जोरात हाणायला लागतो की पिना ट्रॅकवरून उड्या मारायल्या.

त्यामुळे बाऊल घेतलाच तर स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा डिजिटल कंट्रोलर घ्या. त्यात व्होल्टेज वरखाली झालं तरी झटका सारखा ठेवायची सोय असते. थोडा महाग पडतो, पण तुमच्या डीजीचं दुखणं तिथंच संपतं.

दुसरं, बाऊल मंद झाला की लोक कॉइल (बाऊल थरथरवणारा विद्युतचुंबक) बदलायला धावतात. आधी स्प्रिंगांचे बोल्ट बघा. बऱ्याचदा बोल्टच ढिला निघतो. मग स्प्रिंगच्या पट्टीला बारीक तडा आहे का बघा, अन् कॉइल आणि ती ओढते त्या आर्मेचरमधली फट चारी बाजूंनी सारखी आहे का बघा. कॉइल सगळ्यात शेवटी.

गोदाकाठ
मामा, वजनाचंही सांगा की. बाऊल गच्च भरला की पण मंद होतो ना?

फिटरमामा
होतो तर. वजन वाढलं की ट्यूनिंग खाली सरकते. ८ बाय १४ ची स्टीलची पिन साडेपाच ग्रॅमच्या आसपास भरते. मिनिटाला ३० म्हणजे तासाला १८००, जवळजवळ दहा किलो. तेवढा माल छोट्या बाऊलमध्ये ओतू नका. शेजारी हॉपर (माल साठवायचं भांडं) ठेवा, लेव्हल बघणारा स्विच लावा, बाऊल कमी झाला की हॉपर थोडा थोडा माल सोडेल. बाऊल तिसरा हिस्सा भरलेला असला की खूश असतो.

लातूर_ते_टेक्सास
मी मूळचा लातूरचा, आता बरीच वर्षं ह्यूस्टनला. वाळूजकरांचं वाचून राहवलं नाही, कारण हाच प्रश्न मी वेगळ्या छंदात सोडवला आहे. इथे मी पिस्तुलाच्या नेमबाजी स्पर्धांत भाग घेतो. सरावाला काडतुसं भरपूर लागतात, म्हणून इथले बरेच नेमबाज रिकामी केसं, म्हणजे झाडून झालेल्या काडतुसांची कवचं, परत भरतात. स्वतःच्या वापरासाठी भरायला इथे फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो.

त्याचा प्रेस म्हणजे तुमच्या इंडेक्स टेबलाचा हाताने चालणारा भाऊ. हँडल एकदा ओढलं की सगळ्या स्टेशनांवर एकेक काम होतं आणि एक काडतूस बाहेर पडतं. डिलनचा एक्सएल ७५० काय किंवा हॉर्नडीचा लॉक-एन-लोड एपी काय, दोन्ही पाच स्टेशनांचे. गोळी हाताने केसवर ठेवणं हे सगळ्यात वेळखाऊ काम, म्हणून बुलेट फीडर लावतात.

तो असा चालतो. वर एक तिरकी चकती असते, कडेला खाचा असलेली, छोट्या मोटरवर हळू फिरणारी. ढिगातून प्रत्येक खाचेत एक गोळी बसते आणि वर जाते. वर गेल्यावर टोक खाली असलेली गोळी उलटवली जाते, म्हणजे नळीत पडताना सगळ्यांचा तळ खाली असतो. नळी भरली की मायक्रोस्विच मोटर बंद करतो. नळीच्या खाली ड्रॉपर डाय असतो. केस वर येऊन डायला ढकलते तेव्हाच एक गोळी सुटते. केस नसेल तर गोळी सुटत नाही.

आता तुमच्या कामाचं. ९ मिमीची ११५ ग्रेनची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे वजनाने तुमच्या पिनच्या जवळची. ती चकतीवर उलटते कारण तिला निमुळतं टोक आहे आणि वजन तळाकडे आहे. तुमची पिन दोन्हीकडून जवळपास सारखी, त्यामुळे ही युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. पण खालचा भाग उचलण्यासारखा आहे: हाउसिंग जागेवर आल्याशिवाय पिन सुटायची नाही, अशी यांत्रिक सोय.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. पाच स्टेशनांच्या प्रेसवर बुलेट फीडर बसवायला जागा हवी म्हणून काही जण पावडर तपासणारा डाय काढून टाकतात. मी तसं करत नाही. बिनपावडरच्या काडतुसाची गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकली आणि मागून दुसरी झाडली, किंवा दुप्पट पावडरचं एक काडतूस निसटलं, तर हातातलं पिस्तूल फुटू शकतं. मी गोळी बसवणं आणि क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) एकाच स्टेशनवर आणलं आणि तपासणी जिथल्या तिथे ठेवली. तुमचा पार्ट ब्रेकचा आहे. तपासणीचं स्टेशन देऊन फीडर बसवू नका.

बालाघाट
भारी माहिती दादा. मग तो चकतीवाला फीडर इकडे येताना एखादा आणता येईल का? वाळूजकरांना नमुना म्हणून बघायला.

कोर्टरोड_बीड
बालाघाट, हे करू नका, आणि कुणाला सुचवूही नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे काडतुसं भरायचं यंत्रच कायद्याच्या नजरेत दारूगोळा. कलम ५ प्रमाणे उत्पादनाला परवाना लागतो. ‘मी फक्त पिना टाकायला वापरणार होतो’ हे विमानतळावर सांगत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये. टेक्सासमध्ये जे छंद म्हणून चालतं ते इथे चालत नाही.

आपल्याकडे ही कामं मुख्यतः सरकारी कारखान्यांत होतात. खडकी आणि वरणगाव ही जवळची उदाहरणं. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आहेत.

लातूर_ते_टेक्सास
वकीलसाहेब बरोबर आहेत. मी यंत्र आणायचं म्हणत नव्हतो, फक्त तत्त्व सांगत होतो. चकती तर आपल्याकडे कुठेही कापून मिळेल.

मांजरा
चकतीचं तत्त्व बघायला अमेरिकेला जायची गरजच नाही. तिरक्या चकतीचं टोकण यंत्र बघा. सोयाबीन, हरभरा पेरताना बियांच्या पेटीत तिरकी चकती फिरते, प्रत्येक खाचेत एक बी, वर नेऊन नळीत सोडते. आमच्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाने रुंद वरंबा सरी पेरणीचा प्रसार केला तेव्हापासून गावात अशी यंत्रं दिसायला लागली. खाचेचा आकार बियांपेक्षा मोठा झाला की दोन बिया बसतात, लहान झाला की बी फुटतं नाहीतर जागा रिकामी जाते. म्हणून पीक बदललं की चकती बदलायची. वाळूजकरांच्या तीन लांब्यांना तीन चकत्या, हा बदल पाच मिनिटांचा आहे. बाऊलमध्ये लांबी बदलली तर टूलिंग बदलावं लागेल ना?

टूलरूमवाला
मांजरा, मुद्दा एकदम योग्य. व्यास एकच असल्याने बाऊलचा ट्रॅक तिघांना चालू शकतो, पण पिन निवडणारा भाग आणि टोकाचं एस्केपमेंट (एका वेळी एकच पिन सोडणारी सोय) बदलावं लागेल. चकतीचे अजून दोन फायदे: आवाज कमी, आणि डीसी मोटर असल्याने डीजीच्या फ्रिक्वेन्सीशी तिचा संबंध नाही. मिनिटाला ३६ हा वेग चकतीला सहज झेपतो. सेंट्रिफ्यूगल (वेगाने फिरवून माल कडेला फेकणाऱ्या) फीडरच्या नादाला लागू नका, तो मिनिटाला शेकड्यांनी लागणाऱ्या मालासाठी आहे.

पण उलटसुलट ओळखायचा प्रश्न चकतीतही उभाच आहे.

क्वालिटीताई
सगळी चर्चा वाचली. मला एक विचारायचं आहे: पिनला दोन्ही टोकांना चेंफर का नाही?

दोन्हीकडे चेंफर दिला तर उलटसुलट हा प्रकारच संपतो. मिनिटाला ७२ पिना चढवायची गरज नाही, ३६ पुरतात. सेन्सर नको, हवेचा फवारा नको, कॅमेरा नको. ट्रॅकचं सगळं अवघड टूलिंग गळून पडतं. पिन ऑटो लेथवर बनत असेल तर दुसऱ्या टोकाच्या चेंफरला लागणारा वेळ अगदी थोडा. फीडरवाल्यांशी बोलायच्या आधी ड्रॉइंग उघडा आणि सपाट टोकाला काही काम आहे का ते बघा. काही काम नसेल तर ते टोक सपाट ठेवण्यासाठी तुम्ही पुढची सगळी वर्षं पैसे मोजणार आहात.

ग्राहक बदलाला तयारच नसेल तर उलट करा, फरक मोठा करा. चेंफर १ मिमीऐवजी ३ मिमी लांबीचा निमुळता करा, किंवा टोकाशी लहान व्यासाची पायरी द्या. मग साध्या पट्टीवरही पिन ओळखता येते. पार्ट एकतर पूर्ण सारखा असावा, नाहीतर ठळक वेगळा. तुमची पिन मधेच अडकली आहे.

चिकलठाणा_जुना
ताई, कागदावर हे छान आहे. पण मोठ्या कंपनीचं ड्रॉइंग बदलायचं म्हणजे पुन्हा पीपीएपी (पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची प्रक्रिया), पुन्हा नमुने, पुन्हा चाचण्या. सहा महिने ईमेल फिरतात. आमच्यासारख्या छोट्या माणसाने ग्राहकाला ‘तुमचं ड्रॉइंग बदला’ म्हणायचं कसं? पुढची ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते. त्यापेक्षा कॅमेरा लावा आणि मोकळे व्हा.

क्वालिटीताई
जुनासाहेब, भीती समजते. पण विचारायची पद्धत असते. ‘आम्हाला सोयीचं नाही’ असं लिहू नका. ‘उलटी पिन बसण्याची शक्यताच राहणार नाही’ असं लिहा. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याला हे वाक्य आवडतं, कारण त्याच्या एफएमईएमधला (कुठे काय बिघडू शकतं याच्या तक्त्यातला) एक धोका त्यामुळे खाली येतो. मी ग्राहकाच्या बाजूला काम केलं आहे. असा प्रस्ताव आला तर आम्ही तो आधी वाचायचो. पीपीएपी करावी लागेल हे खरं, पण नवा फीडर बसवून प्रक्रिया बदलताय म्हटल्यावर ग्राहकाला कळवावं लागणारच आहे. मग दोन्ही एकत्रच मांडा.

चिकलठाणा_जुना
प्रक्रिया बदलली तरी कळवावं लागतं, हे खरं आहे. एकत्र पाठवायचं पटलं. तरी ग्राहक नाही म्हणाला तर कॅमेऱ्याची तयारी ठेवा एवढंच म्हणतो.

वाळूजकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचा प्रश्न वाचून ड्रॉइंग काढलं. सपाट टोक हाउसिंगच्या पृष्ठभागापासून अर्धा मिमी आत राहतं आणि त्यावर काहीच टेकत नाही. म्हणजे चेंफर दिला तरी कामात फरक पडू नये. प्रस्ताव लिहायला घेतला आहे.

सहा स्टेशनांचा हिशोबही मांडला: हाउसिंग ठेवणं, पिन टाकणं, पिन आहे की नाही बघणं, प्रेस, दाबाची नोंद, काढणं. सहाही भरली. टेक्सासच्या दादांनी सांगितलं तसं तपासणीला हात लावणार नाही.

अजून एक, नळ्यांचं. मेव्हणा रोज विचारतो.

गोदाकाठ
मेव्हण्याला हा हिशोब दाखवा. मीटरभर नळीत १४ मिमीच्या ७१ पिना बसतात. मिनिटाला ३० च्या वेगाने नळी अडीच मिनिटांच्या आत रिकामी. दहा नळ्यांचं फिरतं मॅगझीन केलं तरी चोवीस मिनिटांच्या आत संपेल. आणि नळ्या भरणार कोण? तीच माणसं, तेच काम, फक्त टेबलापासून लांब.

फिटरमामा
तरी मेव्हण्याचं सगळंच उडवून लावू नका. चकतीच्या खाली उभी नळी लागतेच. ती अर्धा मीटर ठेवली की ३५ पिनांचा साठा झाला, म्हणजे चकती अडली तर मिनिटभर टेबल चालू राहतं. नळीला वर एक आणि खाली एक सेन्सर लावा. वरचा मोटर बंद करेल, खालचा टेबल थांबवेल.

कन्नडघाट
बाऊलवाल्यांनो, आवाजाचा विचार केला का? आमच्या शेडमध्ये चार स्टीलचे बाऊल आहेत. उघडे चालवले तर शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. आतून पीयूचं (पॉलियुरेथेनचं) अस्तर आणि वर हूड केल्यावर शेडमध्ये बोलता यायला लागलं. स्टीलच्या पिना स्टीलच्या बाऊलमध्ये म्हणजे दिवसभर तोच आवाज. आठ तास तिथे बसणाऱ्या बायांच्या कानाचा विचार कोटेशनमध्ये कुठेच नसतो, तो आपणच करायचा.

क्वालिटीताई
कन्नडघाट, हे लिहिल्याबद्दल खूप बरं वाटलं. वाळूजकर, आता पिन ठेवायला ज्या बाया आहेत त्यांना दाबाच्या नोंदी बघायला शिकवा. उलटी पिन कशी लागते, बर असलेली पिन कशी अडते, हे त्यांच्या बोटांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ट्रायलच्या दिवशी त्यांना उभं करा, सप्लायरच्या इंजिनीअरला त्या प्रश्न विचारतील.

बालाघाट
तेलाचं कुणी बोललं नाही. ग्राइंडिंगनंतर पिनांवर तेल असणारच. बाऊल असो की चकती, तेलात धातूचा बारीक किस चिकटतो आणि खाचेत जमतो. धुतल्या तर पावसाळ्यात गंज.

टूलरूमवाला
धुवायच्याच, आणि लगेच पातळ गंजरोधक लावायचं. जाड तेल नको. चकतीच्या तळाला बारीक भोकं ठेवा म्हणजे किस खाली ट्रेमध्ये पडेल. बाऊल असेल तर तळाशी तसंच करता येतं.

आणि ट्रायलबद्दल माझी विनंती. सप्लायरकडे स्वच्छ पुसलेल्या निवडक पिना पाठवू नका. जशा लॉटमध्ये येतात तशाच पाठवा, तिन्ही लांब्यांच्या, थोड्या बर असलेल्याही. तिथे पूर्ण पाळी चालवून घ्या आणि किती वेळा माणसाला हात लावावा लागला ते लिहून घ्या. मिनिटाचा वेग सगळेच दाखवतात. थांबण्याचा आकडा मागितला की कोण तयारीचा आहे ते कळतं.

जालना_रोलिंग
मी बाऊल म्हटलं होतं. दोन्हीकडे चेंफर झाला तर चकतीच घ्या, मला पटलं.

वाळूजकर
ठरवलं असं: ग्राहक हो म्हणाला तर दोन्ही चेंफर आणि चकती. नाही म्हणाला तर बाऊल, डिजिटल कंट्रोलर आणि कॅमेरा, आणि त्याचं कोटेशन ग्राहकाला दाखवून दरात मागणी करणार. चकती इथेच कुणाकडे करून मिळेल का?

टूलरूमवाला
चिकलठाण्यातल्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये चौकशी करा, नाहीतर वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये. ड्रॉइंग नेताना खाचेला पिनच्या व्यासापेक्षा किती ढील द्यायची ते कोरं सोडा. आधी नायलॉनची चकती कापून तिन्ही लांब्यांवर चालवून बघा, आकडा पक्का झाला की मग स्टीलची करा.

फिटरमामा
अन् चकतीचा कोन बदलता येईल असा ब्रॅकेट करा. ४५ अंशावर सुरू करा. दोन-दोन पिना यायल्या तर अजून उभी करा, खाचा रिकाम्या जायल्या तर थोडी आडवी करा.